प्रयत्न अपुरा

वहिनी,

परवा तुझ्या तेराव्याला जेवून उठलेली एक बाई हात पुसता पुसता मला म्हणाली, "थायरॉइडने कधी कोणी मरतं का हो? आमच्या सुनेलाही आहे. गोळी घेते, टुणटुणीत आहे." मी म्हटलं, "मरतं. आमची मेली. विडा घ्या." दादाने माझ्यावर डोळे वटारले. वटारू दे. दुसरी म्हणाली, श्रावणात गेली, पुण्यवान हो. तिसरी म्हणाली, सुटली बिचारी. कशातून सुटली? सत्तावन्न वर्षांची बाई, फ्रिजमध्ये कोकमाच्या आगळाच्या दोन बाटल्या भरलेल्या, साडी फॉल-पिकोला टाकलेली. तिला कोणी विचारलं होतं का, सुटायचंय का म्हणून?

मी हे सुटली-बिटली मानणार नाही. तुझी वेळ आली नव्हती, आपण ती ओढून आणली. आपण म्हणजे तू, मी, आणि भिंतीवरच्या फोटोतली माझी आई. हे तुझ्या तोंडावर सांगायचं राहिलं, म्हणून आता लिहितेय. नणंद आहे मी तुझी, गप्प बसून कशी निरोप देईन?

तू गिरगावात आमच्या घरी आलीस तेव्हा मी कॉलेजात होते. आमचं घर म्हणजे तीन पिढ्यांचे कारकून. आमच्याकडे हसायचेसुद्धा परवानगी घेऊन. आणि तू लालबागची, गिरणी कामगाराची मुलगी, सकाळी नळावर आवाज लावलास तर खालच्या मजल्यावर लोक उठायचे. लग्नानंतरच्या पहिल्याच सकाळी तू सगळ्यांसाठी चहा केलास आणि स्वतःचाही कप तोंडाला लावलास. आई देवघरातून बाहेर आली. सगळ्यांसमोर, अगदी गोड आवाजात म्हणाली, "आमच्याकडे देवाच्या आधी तोंडात काही घालत नाहीत हं. तुमच्याकडे भोंग्यावर पळायचं म्हटल्यावर कुठे जमणार म्हणा." तू कप खाली ठेवलास. त्या दिवसापासून पूजा झाल्याशिवाय पाण्याचा घोट घेतला नाहीस. तापात नाही, रुचा पोटात असताना नाही. बावीस वर्षांच्या मुलीला टोचलेली ती सुई तू जन्मभर काढली नाहीस. बघा, गिरणीवाल्याची पोर तुमच्यापेक्षा कडक पाळते, एवढंच तुला दाखवायचं होतं. आई गेली तरी तू दाखवतच राहिलीस. कुणाला गं?

पण त्याच वर्षी गणपतीत तू आमची सगळ्यांची बोलती बंद केलीस. विठोबाच्या आरतीत ती हाक येते ना, जी जो तो आपापल्या दमाने लांबवतो, तिथे आमच्या वाडीतले बाप्ये छाती फुगवून उभे असायचे. एकेक करून सगळे गळाले. शेवटी वाडीचे सेक्रेटरी लालबुंद होऊन थांबले आणि तुझा आवाज मात्र चालूच होता, सरळ, न थरथरता. मी हातातल्या घड्याळाचा सेकंदकाटा बघत होते. सत्तावीस. नंतर तू पदराने घाम पुसत मला म्हणालीस, "आमच्याकडे ह्याला वॉर्म-अप म्हणतात." वहिनी, मी तुझ्या प्रेमात पडले ती त्या दिवशी.

पुढे माझं पोटही श्वासावरच भरायला लागलं. परळच्या एका हॉस्पिटलात फुप्फुसांची तपासणी करते मी. पेशंटच्या नाकाला चिमटा लावायचा, तोंडात नळी द्यायची आणि ओरडायचं, "भरा, भरा, पूर्ण भरा! आता सोडा! जोरात! अजून, अजून, थांबू नका!" पंचवीस वर्षं लोकांवर ओरडून पगार घेतेय. तू म्हणायचीस, घरी फुकट ओरडतेस, तिथे पैसे तरी देतात.

तीन गणपतींपूर्वी त्याच हाकेला तुझा दम सगळ्यांत आधी तुटला. पोरांच्याही आधी. कोणीतरी ओरडलं, "वहिनी, टायर पंक्चर!" सगळी वाडी हसली. तू हसलीस. मीही हसले. पंचवीस वर्षं श्वास मोजणारी बाई तुझ्या शेजारी टाळ घेऊन उभी होती आणि हसत होती.

मग एकेक सुरू झालं. तिसऱ्या मजल्यावर यायला तू तीनदा थांबायला लागलीस. आवाज जाड झाला, फोनवर बँकवाले तुला "सर" म्हणायला लागले. मे महिन्यात पंखा बंद कर म्हणून दादाशी भांडायचीस. चेहरा सुजलेला, पाय सुजलेले. आणि घोरणं असं की दादा गादी उचलून गॅलरीत गेला. मधेच घोरणं थांबायचं, श्वासच थांबायचा, आणि मग दचकल्यासारखी मोठा आवाज करून पुन्हा घ्यायचीस. आम्ही काय म्हटलं? समोरची वाडी पाडतायत, तिची धूळ. मग म्हटलं वजन. मग म्हटलं वय. एका डॉक्टरने पंप दिला. तू तो इमानदारीत ओढायचीस आणि म्हणायचीस, "गो, ह्या वाऱ्यान काय्येक होणत नाय." रागावलीस किंवा घाबरलीस की तुझी मालवणी बाहेर यायची. मला वाटलं, रागावलीयस.

शेवटी मी तुला माझ्याच टेबलावर आणलं. नळी बघून म्हणालीस, "फुंकूक ती काय चूल आसा?" सगळा स्टाफ हसला. तू फुंकलंस. पडद्यावर रेघ वर गेलीच नाही, उंबरठ्यावर बसल्यासारखी बसली. दुसऱ्यांदा तेच. तिसऱ्यांदा मी ओरडले, "वहिनी, आरतीत करतेस तसं कर ना! टाळतेस काय?" तू डोळे मिटून, खांदे उचलून फुंकलंस, आणि रेघ पुन्हा तिथेच. फुप्फुसातल्या नळ्या कुठे आवळलेल्या नव्हत्या, दम्याचं काही दिसत नव्हतं. आमच्याकडे अशा वेळी एक शेरा लिहितात. माणसाने मन लावून फुंकलं नाही, टंगळमंगळ केली, तर लिहायचा शेरा. मी लिहिला. प्रयत्न अपुरा.

रिपोर्ट इंग्रजीत. तू म्हणालीस, वाचून दाखव. मी वाचला. "म्हणजे काय गं?" "म्हणजे तू नीट फुंकलं नाहीस." तू माझ्याकडे बघितलंस आणि म्हणालीस, "चुकलं माझं. पुढच्या वेळी जोर लावते."

वहिनी, ते वाक्य मला जेवू देत नाही.

पुढे चार महिन्यांनी ती तरुण डॉक्टरीणबाई भेटली. तिने तुझ्या छातीला स्टेथोस्कोप लावायच्याही आधी तुझा आवाज ऐकला. तुला खुर्चीवर गुडघे टेकून उभं केलं आणि घोट्यामागे रबरी हातोडी मारली. पाऊल हललं, पण परत जागेवर यायला त्याने इतका वेळ घेतला की दादालाही दिसलं. रक्त तपासलं. थायरॉइड जवळजवळ बंद. मग तिने मला कागदावर चित्र काढून समजावलं, मला, जिला हे तिच्याआधी कळायला हवं होतं. छाती म्हणजे भाता. भाता चांगला असून भागत नाही, तो ओढायला स्नायू लागतात. छाती आणि पोटाच्या मधला तो मोठा पडदा हासुद्धा स्नायूच. गळ्यातली ती एवढीशी ग्रंथी कमी पडली की सगळेच स्नायू आळसावतात, तसा हाही. मेंदूही 'श्वास घे, श्वास घे' अशी जी आठवण करत असतो, ती ढिली करतो. जीभ जाडावते, घसा आतून सुजतो, म्हणून घोरणं, म्हणून झोपेत श्वास अडकणं. कधी फुप्फुसाच्या बाहेर पाणीही धरतं. "ह्यांचं फुप्फुस ठीक आहे," ती म्हणाली. "ह्यांच्यात फुंकायची ताकदच नव्हती."

ताकदच नव्हती. आणि मी लिहिलं होतं, प्रयत्न अपुरा.

गोळी सुरू झाली. एवढीशी गोळी, पण तिचे नखरे फार. सकाळी उठल्या उठल्या, रिकाम्या पोटी, साध्या पाण्याबरोबर, आणि पुढे निदान अर्धा तास चहा नाही, दूध नाही, काही नाही. चहात बुडवली की निम्मी वाया. तू पहिल्याच दिवशी म्हणालीस, पूजा व्हायच्या आधी? शक्य नाही. तुझी पूजा व्हायची आठला, रुचाचा डबा भरून झाल्यावर. तोवर तू अशी भुकेजलेली असायचीस की दिवा लावला की चहा-चपाती. मी शेजारच्या माझ्या खोलीतून पेला घेऊन आले आणि तुझ्या डोक्याशी उभी राहिले. "गिळ. देवाला सांग, नणंदेने जबरदस्ती केली. पाप माझ्या डोक्यावर." तू म्हणालीस, "नक्की तुझ्या डोक्यावर?" "लेखी देऊ?" मग गिळलीस. रोज साडेपाचला हे नाटक. रोज तू विचारायचीस, नक्की? आणि रोज मी म्हणायचे, माझ्या डोक्यावर.

काय बदललीस तू! सूज उतरली. दादा गादी घेऊन खोलीत परत आला. बँकवाले पुन्हा "मॅडम" म्हणायला लागले, तर तुला उगीच अपमान वाटला. आणि गेल्या गणपतीत त्या हाकेला तू उभी राहिलीस, त्या टायर पंक्चरवाल्याच्या बरोबर समोर. तो गेला. सेक्रेटरींचा मुलगा गेला. तू चालूच. मी मोजत होते आणि रडत होते, त्यामुळे आकडा चोवीस की पंचवीस ते नक्की सांगता येत नाही. तू नंतर त्याला एवढंच म्हणालीस, "हवा भरून आणली रे."

तिथेच घात झाला. बरी झालीस ना तू. दिवाळीत पाडव्याच्या सकाळी मी पेला घेऊन आले तर म्हणालीस, "आता पुरे. बरी आहे मी. गोळी घेईन, सोडणार नाही, पण पूजा झाल्यावर." मी समजावलं. मग आवाज चढवला. मग तू ते बोललीस, "तुझ्या आईने पाळलं ना जन्मभर? तिलाही ब्लडप्रेशर होतंच. तिने कधी देवाच्या आधी गोळी घेतली? मग मी का मोडू? लालबागची म्हणून?"

माझ्या ओठावर एक वाक्य आलं होतं. मी ते गिळलं. त्याच्या बदल्यात भलतंच बोलले. म्हणाले, "मर मग तुझ्या देवासमोर." भांडणात आपण काहीही बोलायचो, पण हे तसं नव्हतं आणि तुलाही ते कळलं. तू दार लावलंस. नऊ महिने अबोला. भिंतीला भिंत, एक गॅलरी, एकमेकींची भाजी दादाच्या हातून पाठवायची, पण बोलायचं नाही. मला माझ्या खिडकीतून दिसायचं, आठला घंटा वाजायची आणि त्या गोळीबरोबर तू चहाचा घोट घ्यायचीस. पुढे पुढे तुझ्या पायांना पुन्हा सूज दिसली. जिन्यातला तुझा थांबा ऐकू आला, आधी एक, मग दोन. मला सगळं कळत होतं, वहिनी. ह्या वेळी तर मला रोगाचं नावही माहीत होतं. आणि मी म्हटलं, आधी ती बोलू दे.

श्रावण लागता लागता तुला साधा ताप आला, छातीत कफ झाला. धडधाकट माणूस आठ दिवसांत उठून बसतं. तुझ्या त्या दमलेल्या भात्याला ते पेललं नाही. वॉर्डात तुझ्या तोंडाला मास्क, मशीन श्वास आत ढकलतंय. दुसऱ्या सकाळी जरा बरी वाटलीस. सिस्टरने गोळी हातावर ठेवली, आणि तू मूठ मिटलीस. मास्क वर करून दादाला म्हणालीस, "पूजा?" दादाने घरी रुचाला फोन लावला. ती म्हणाली, करतेच आहे. आणि मग आम्ही सगळे, सिस्टरसकट, त्या मुठीकडे बघत उभे. अर्ध्या तासाने फोन आला, "आई, झाली पूजा." तेव्हा तू मूठ उघडलीस. मी पेला पुढे केला. "घे. पाप माझ्या डोक्यावर." तू माझ्याकडे बघून हसलीस. "बोललीस शेवटी."

मी काय म्हणाले? "आधी गोळी गिळ."

झालं. एवढंच आपलं शेवटचं बोलणं. तिसऱ्या दिवशी बाहेर पडायचा दूषित वायू आतच साचत गेला आणि तू शांत झोपत गेलीस. मी मॉनिटरवरचे आकडे वाचू शकत होते. दादाला वाटलं, तुला बरी झोप लागलीय.

आता रुचाचं ऐक. हे रक्तातून लेकींत उतरतं, म्हणून डॉक्टरीणबाईंनी तिचंही रक्त घ्यायला सांगितलं. मीच घेतलं. अकराव्या दिवशी रिपोर्ट आला. तिलाही आहे. एकोणतिसाव्या वर्षी. लोअर परळच्या ऑफिसात एक मजला चढून धापा टाकते आणि म्हणते, एसीने होतं. तेराव्याची पंगत उठली, माणसं पांगली. मी तिच्या हातात गोळ्यांची बाटली दिली. उद्यापासून घ्यायची, साडेपाचला. ती म्हणाली, "आत्या, उद्यापासून पूजा मी करणार. आणि आईसारखीच करणार. तिने हॉस्पिटलात मूठ उघडली नाही. मी आधी गोळी घेऊ? मग तिने केलं त्याला काय अर्थ राहिला?" दादा म्हणाला, "पोरीच्या भावना आहेत. थोडे दिवस जाऊ दे."

थोडे दिवस! वहिनी, तुझ्याच डोळ्यांनी तुझी मुलगी माझ्याकडे बघत होती, तसाच हट्ट. आणि ते गिळलेलं वाक्य वर आलं. ह्या वेळी मी बोलले.

म्हटलं, "दादा, रुचा, ऐका. आई ब्लडप्रेशरची गोळी पूजेच्या आधीच घ्यायची. फडताळाच्या आड उभी राहून, अर्ध्या बिस्किटाबरोबर. वर घोटभर चहा. मी स्वतः बघितलंय, एकदा नाही, कितीदा तरी. तो नियम तिचा नव्हताच. तो फक्त वहिनीसाठी होता."

दादा म्हणाला, "आई गेली आता. कशाला..."

"म्हणूनच दिवाळीत गप्प बसले मी! आई गेलीय, तिचं नाव कशाला खराब करायचं. आईचं नाव राखलं आणि वहिनी घालवली. अजून कोणाला घालवू, सांग?"

दादा खाली बसला. म्हणाला, "बिस्किटं कुठे जातात, ते मला कधी कळायचं नाही." रुचा उठली, खोलीत गेली.

मला माहीत नव्हतं ती काय करेल. काल सकाळी साडेपाचला मी पेला घेऊन आले. तेरा दिवस शेजाऱ्यांनी देव सांभाळले, कालची आपली पहिली पूजा. रुचा केस धुऊन देवघरापुढे बसलेली, मूठ मिटलेली. तिने आजीच्या फोटोकडे बघितलं, मग तुझ्या. मग मला विचारलं, "नक्की तुझ्या डोक्यावर?"

कुणी सांगितलं तिला? तू सांगितलं असशील. मी म्हटलं, "पाप असेल तर ना! तुझ्या आईची सगळी पुण्याई आधीच वर जाऊन बसलीय. गिळ." तिने गिळली. आणि मी तुझ्या देवांना सरळ म्हटलं, "थांबा अर्धा तास. जिने तुम्हाला पस्तीस वर्षं थांबवलं नाही, तिच्या लेकीसाठी थांबा." थांबले. काय करणार होते? तो अर्धा तास आम्ही तिघं पारोशा देवांसमोर बसून होतो, आणि दादाने तुझी एक गोष्ट काढली, मग रुचाने एक, आणि तू गेल्यापासून पहिल्यांदा ह्या घरात कोणीतरी हसलं.

मग पूजा झाली. गणपतीला अजून अवकाश आहे, पण रुचाने तीच आरती घेतली. त्या हाकेला दादा लगेच गळाला, माझं तर विचारूच नकोस. रुचा ओढत राहिली, डोळे मिटून, खांदे उचलून, तुझ्यासारखी. नऊ सेकंद. नऊला तुटली. काही रडण्यामुळे, काही रोगामुळे. माझ्याकडे बघून म्हणाली, "कमीच पडलं ना?" मी म्हटलं, अजिबात नाही. पुढच्या गणपतीत बघू. मी आहे मोजायला, आणि ह्या वेळी हसणार नाही.

नंतर तुझी फाइल काढली. तो रिपोर्ट त्यात आहे अजून, तू नीट घडी घालून ठेवलेला. आमच्या खात्यात चूक दुरुस्त करायची एक पद्धत असते. खाडाखोड चालत नाही, पांढरा रंग लावायचा नाही. चुकीच्या शब्दांवर एकच सरळ रेघ मारायची, म्हणजे खालची चूकही दिसत राहते. शेजारी बरोबर काय ते लिहायचं आणि खाली स्वतःची सही करायची. मी रेघ मारली. शेजारी मराठीत लिहिलं, म्हणजे तुला कोणाकडून वाचून घ्यायला नको:

प्रयत्न पूर्ण. चूक तपासणारीची.

आणि सही केली.